जोडावरची लाल रेघ

प्रिय वहिनी,

तुझा मेसेज वाचला आणि उत्तर लिहायच्या आतच फोन माझ्याकडून गेला, म्हणून हे पत्र. पैलवानाच्या हाती पाठवतेय. पैलवान म्हणजे आमच्या वर्गातला एक पाइप फिटर. देहाने कपाटाएवढा आहे, पण अनोळखी बाईशी बोलायचं म्हटलं की कानापर्यंत लाल होतो, तेव्हा दारात बघून घाबरू नकोस. त्याला पाणी दे, बस म्हण, तो बसणार नाही. टिकलीला बाहेर खेळायला पाठव आणि मग वाच. अक्षर बघूनही दचकू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचं ओघात येईलच.

तू विचारलंस, तो खरंच बदललाय का. म्हणालीस, तू रोज त्याच्या शेजारच्या बूथमध्ये काम करतेस, तू त्याची सख्खी बहीण आहेस, तरी माझा तुझ्यावरच विश्वास आहे, तू हो म्हणालीस तर रविवारी ते न्यायला येतील तेव्हा मी टिकलीला घेऊन निघते. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण रविवारी तुझ्यासमोर आई बसेल, मामा बसेल, तो स्वतः खाली मान घालून बसेल, आणि त्या तिघांपुढे माझा एक शब्द टिकायचा नाही. आईचं रडणं तुला माहीत आहे. दगड विरघळेल. म्हणून पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुझ्याकडे एक शब्द नाही, सगळी हकिकत असेल.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतं, आणि ते लपवलं तर मीच खोटी ठरेन. त्याला कारखान्याने वेल्डिंगच्या या वरच्या कोर्सला पाठवलं आणि मी माझी मी अर्ज करून आले, हे तुला माहीत आहे. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना पडदे लावलेले बूथ, मधे टेबलांवर सगळ्या प्रकारच्या पोलादाच्या प्लेट्स. शिकवणारे सर खिशात कायम रंगीत खडू घेऊन हिंडतात. प्लेट किती तापली ते त्या खडूने बघायचं असतं. रेघ ओढली आणि ती वितळली, की प्लेट हवी तेवढी तापली. म्हणून त्यांचं नाव पडलं खडूसर, आणि चिडलेल्या मुलांनी त्यातला र काढून टाकला. पण माणूस खडूस नाही. आवाज चढवत नाही, हातातून काही हिसकावत नाही. चुकलं तर म्हणतो, परत कर, सगळ्यांचं एकदा चुकतं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, तुम्ही सगळे इथे येण्याआधी साध्या पोलादावर काम केलंय, आणि साध्या पोलादाने तुम्हाला लाडावून ठेवलंय. ते बिचारं काहीही सोसतं. गंजलेलं जोडा, घाईत जोडा, पाणी ओता, तरी चालवून घेतं. स्टेनलेस तसं नाही, त्याला दुसऱ्याचा ब्रशसुद्धा लागलेला चालत नाही. आणि कडक पोलाद तर फारच वेगळं. जोडायच्या आधी सावकाश तापवायचं, जोडल्यावर कांबळ्यात गुंडाळून सावकाश गार करायचं, आणि रॉडला ओलाव्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. मग त्यांनी एक तापलेली कडक प्लेट चिमट्यात धरून पाण्यात घातली. काडकन आवाज आला. मागच्या रांगेतल्या एकाने चक्क कान झाकले. सर म्हणाले, ही आता फुटली ती बरी, आपल्याला कळलं तरी. जी आत्ता फुटत नाही आणि दोन दिवसांनी कुणी हात न लावता फुटते, तिच्यासाठी तुम्ही इथे आलाय.

तू लगेच म्हणशील, हे सगळं आमच्या घराचंच वर्णन झालं की. म्हणू नकोस. मीही एकदा चहा पिताना सरांना तसंच काहीतरी म्हणाले होते. ते म्हणाले, पोलादाला राग येत नाही, बाई. पोलादाला कधी दोष द्यायचा नाही, जोडणाऱ्याचं काय चुकलं ते बघायचं. तेव्हापासून मी ती तुलना सोडली. माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं.

तर दादा. पहिले काही आठवडे तो असा वागला, की मला वाटलं, सुटलो एकदाचे. सगळ्यांच्या आधी यायचा, माझंही टेबल पुसून ठेवायचा. वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला दादा म्हणायला लागली. डब्यातलं सगळ्यांना वाटायचा. फोनवरचा टिकलीचा फोटो इतक्यांना दाखवला, की पैलवान एकदा म्हणाला, आता तिला रस्त्यात बघितलं तर मी नावाने हाक मारीन. आणि हात तर तुला ठाऊकच आहे त्याचा. रॉड टेकवला, की नुसतं बघत राहावं. एकसारख्या लाटा, कुठे खड्डा नाही, कुठे फुगवटा नाही. खडूसरांनी त्याची प्लेट सगळ्यांना फिरवून दाखवली तेव्हा माझा ऊर भरून आला. आपलाच तो, असं वाटलं. कुणी टोमणा मारला तरी हसायचा. मी मनातल्या मनात तुला सांगायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. लहानपणी अप्पा पट्टा काढायचे तेव्हा दादा माझ्या अंगावर पालथा पडायचा. मी खाली, तो वर. पट्टा त्याच्या पाठीवर, आणि दर फटक्याला त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर आदळायची. रडायचा नाही, माझ्या कानात म्हणायचा, संपतंय, संपतंय. आणि मला हे काम शिकवलं तेही त्यानेच, मागच्या अंगणातल्या पडवीत. अप्पांचं म्हणणं होतं की मुलीचे हात यासाठी नसतात. त्याने अप्पांना न सांगता मला हेल्मेट दिलं. माझी रेघ वाकडी गेली, की हेल्मेटवर रॉडने ठाण करून मारायचा. पहिल्या वर्षी तर मला काम कमी आणि कानठळ्याच जास्त आठवतात. तेव्हा मला ते मारणं वाटलंच नाही. आमच्या घरात ज्याने रक्त येत नाही त्याला मार म्हणत नसत. हे सगळं मी विसरलेले नाही, वहिनी. पुढचं लिहिताना हात अडखळतोय तो याच्यामुळे.

दारू पितो असं तरी सांगता आलं असतं, म्हणजे लोकांना कारण मिळालं असतं. पण तो चहाशिवाय काही पीत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! तुझी वेणी मुठीत धरून त्याने तुला कपाटाच्या दारावर आपटलं, तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता आणि त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. मी मधे पडले तर मला एका हाताने असं बाजूला केलं, जसं वाटेतलं स्टूल सरकवतात. नंतर नळाखाली हात धूत उभा राहिला. सावकाश, बोटांच्या मधे मधे, नखांच्या कडेने. तो हात धुणं माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

आणि तेच मला इथे दिसलं. स्टेनलेसचा धडा चालू होता. दादाने एक जोड करून, घासून, आरशासारखा चकचकीत करून ठेवला होता. पैलवानाला घाई होती, त्याने दादाला न विचारता त्याचं ग्राइंडर उचललं, साध्या लोखंडावर फिरवलं आणि परत जागेवर ठेवून दिलं. दादाने तेच ग्राइंडर आपल्या जोडावर शेवटचा हात म्हणून फिरवलं. चाकाला चिकटलेले लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आरशावर गंजाचे तांबूस ठिपके उठले. बाहेरच्या माणसाला ते दिसणारही नाहीत, पण आमच्यात ती नाचक्की. पैलवान बिचारा स्वतःहून पुढे आला, कान पकडले. दादा हसला. सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, होतं रे, त्यात काय एवढं.

दुपारी मी शेडच्या मागे टाकीवर बाटली भरायला गेले. सिलिंडर ठेवायच्या जाळीला पैलवान टेकून उभा होता आणि त्याच्या वरच्या ओठातून रक्ताची धार हनुवटीवर, हनुवटीवरून शर्टावर. जाळीच्या एका गजाला त्याचे केस चिकटले होते. मी विचारलं तर म्हणाला, घसरलो. एवढा मोठा माणूस, त्याने एक हात उचलला असता तर दादाचा चुरा झाला असता, पण चूक आपली आहे म्हणून तो हात खाली ठेवून मार खात राहिला. आणि तिकडे नळावर दादा हात धूत होता. सावकाश. बोटांच्या मधे मधे. माझ्याकडे बघून हसून म्हणाला, पाणी भरलंस का गं? माझ्या हातातली बाटली तेव्हा रिकामीच होती.

मग कडक पोलादाची परीक्षा आली. प्रत्येकाला दोन जाड प्लेट्स, एक जोड, आणि त्या जोडावर शेवटचा शेरा. ज्याचा जोड निर्दोष, त्याला कारखान्यात वरची जागा. दादाने सकाळीच तापवलेल्या ओव्हनमधून मूठभर रॉड काढून आणले. नियम असा, की लागतील तेवढेच काढायचे आणि तेही गरम डब्यात ठेवायचे. त्याने ते टेबलावर उघडे टाकले, प्लेट तापत ठेवली आणि जेवायला गेला. हवा दमट होती, टेबलावर हात फिरवला तर ओल लागत होती. परत आल्यावर तेच रॉड उचलले. मी पडद्यातून डोकं घालून म्हटलं, दादा, दुसरे आण, हे गार झालेत. तो म्हणाला, रॉडला काय सर्दी होते? मग तोच हसरा चेहरा ठेवून, पण डोळे न हसता म्हणाला, तू शाळेत नाक पुसत होतीस तेव्हापासून जोडतोय मी, मला शिकवू नकोस. मी पडदा सोडला आणि माझ्या कामाला लागले.

जोड असा देखणा झाला की बूथपाशी गर्दी जमली. त्याने फोनवर कारखान्यातल्या साहेबाला ऐकवलंसुद्धा, की झालं समजा. खडूसर फक्त म्हणाले, झाकून ठेवा, दोन दिवस कुणी बोट लावायचं नाही, मग बघू. दोन दिवसांनी सगळ्यांना गोळा केलं. जोडावर लाल रंग लावला. थोडं थांबून तो स्वच्छ पुसून काढला, की वाटावं, काहीच नव्हतं. मग वरून पांढरी पावडर मारली. चुन्यासारखी पांढरीफेक पट्टी, आणि आम्ही सगळे वाकून बघतोय. आधी एका टोकाला एक लाल टिंब उमटलं. मग त्या टिंबाला शेपूट फुटलं. मग ती रेघ हळूहळू, आमच्या डोळ्यांसमोर, जोडाच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. जोड तडकला होता.

सरांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, रॉड कुठून घेतले होतेस? दादा म्हणाला, ओव्हनमधूनच, पण हिने आणून दिले, हिला सांगितलं होतं डब्यात ठेव म्हणून. आणि माझ्याकडे बोट केलं. वहिनी, आपल्या घरात या जागी काय करायचं असतं ते तुला माहीत आहे. मान खाली घालायची, माझंच चुकलं म्हणायचं, आणि घरी जाऊन चहा टाकायचा. माझी मान खाली जातही होती. पण समोर पैलवान उभा होता, त्याच्या ओठावर अजून टाके होते, आणि तो माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, नाही. त्यानेच काढले, टेबलावर ठेवून जेवायला गेला, मी सांगितलं होतं. बस, एवढंच. माझा आवाज इतका बारीक निघाला, की सरांनी परत विचारलं, आणि मला परत एकदा नाही म्हणावं लागलं. सर दादाला म्हणाले, ठीक आहे, सोमवारी परत कर. म्हणजे बघ, त्याचं काहीही गेलं नव्हतं. नवी प्लेट मिळणार होती, नवे रॉड मिळणार होते. फक्त मी चारचौघांत त्याला नाही म्हणाले होते.

हेल्मेट खाली घेतलं, की आम्हाला त्या इवल्याशा उजेडाशिवाय काही दिसत नाही आणि आवाजात काही ऐकू येत नाही. मी माझ्या बूथमध्ये तशी वाकून जोड भरत होते. पडदा कधी सरकला, कळलंच नाही. पहिला फटका हेल्मेटच्या मागे बसला आणि मी तोंडावर टेबलावर पडले. हातातला रॉडचा होल्डर सुटला. मला वाटलं, वरून काहीतरी कोसळलं. मग माझं उजवं मनगट पकडलं गेलं, पंजा त्या गरम प्लेटवर दाबला गेला, आणि जोडावरची कीट, म्हणजे स्लॅग, फोडायची टोकदार हातोडी बोटांवर आली. हातमोज्याच्या चामड्याने भाजू दिलं नाही, पण हातोडीपुढे चामडं काय करणार? तो ओरडत नव्हता. त्याचा आवाज अगदी हळू होता, जवळजवळ समजावल्यासारखा. नाही, म्हणतेस. सगळ्यांच्या, समोर. नाही, म्हणतेस. दर शब्दाला एक घाव. तिसऱ्या घावाला मी माझ्या हाडाचा आवाज ऐकला. हेल्मेटच्या आतमध्ये मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. पैलवान म्हणतो, मी ‘संपतंय, संपतंय’ असं ओरडत होते.

मी गप्प पडून मार खाल्ला नाही, हेही तुला सांगायचंय. मनगट सुटेना म्हणून मी उलटी वळले आणि हेल्मेटसकट डोकं त्याच्या तोंडावर आपटलं. परत आपटलं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तो माझ्या हाडासारखा नव्हता, आणि त्याचे दात माझ्या काचेवर घासले. मग पैलवानाने पडदा कड्यांसकट ओढून काढला, त्याला मागून उचलला आणि जमिनीवर आदळला. या वेळी त्याचे हात खाली राहिले नाहीत. सर ओरडले तेव्हाच तो थांबला, आणि सरांना मी पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. दादा फरशीवर पडला होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आणि वहिनी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की अजून मारावं म्हणून मी डाव्या हाताने हातोडी शोधत होते. ती मिळाली नाही ते चांगलं झालं. मीही अप्पांचीच मुलगी आहे, याची मला तेव्हापासून भीती वाटते.

मग तो रडायला लागला. तू मला कितीदा सांगितलं होतंस, नंतर तो पाय धरतो, त्या वेळी त्याच्याकडे बघवत नाही. खरंच बघवत नाही गं. रांगत माझ्यापाशी आला, माझ्या बुटावर डोकं ठेवलं, म्हणाला, मला काय होतं ते मला कळत नाही, मला मार, मला अप्पांसारखं मार. आजूबाजूचे दोघंतिघं तर डोळे पुसायला लागले. मी पाय काढून घेतला.

हाताचं ऐक आता. तीन बोटं आणि पंजाचं एक हाड. सळ्या घातल्यात. डॉक्टर म्हणतात, मूठ वळेल, पण रॉड पूर्वीसारखा स्थिर धरता येईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. परीक्षा अर्थातच गेली. खडूसर बघायला आले होते, खुर्चीत अवघडून बसले, आणि जाताना म्हणाले, पुढच्या वर्गात तुझा बूथ राखून ठेवतो, तोवर डाव्या हाताने सरळ रेघ ओढायला शीक. म्हणून हे पत्र म्हणजे माझा अभ्याससुद्धा आहे, शेरा तू दे. आई आली ती डॉक्टरांच्या आधी माझ्या कानाशी. प्लेट पडली म्हण, बाळा, कामात होतंच असं, भाऊ एकच आहे तुला. मी डॉक्टरांना खरं सांगितलं. पोलिसांनाही खरं सांगितलं, संस्थेनेही त्यांच्याकडून तक्रार दिलीय. त्या दिवसापासून आई माझ्या खोलीत राहायला आलीय. मला भरवते, माझे केस विंचरते, आणि माझा फोन स्वतःच्या उशाखाली ठेवते. काल मला म्हणाली, सुनेला एक फोन कर, म्हण, तो सुधारलाय, ती घरी आली की सगळं मिटेल. पुढच्या आठवड्यात दादाला पोलिसांपुढे उभं राहायचंय. त्याआधी बायको आणि मुलगी घरात दिसायला हवीत. मामाने तसं समजावलंय त्यांना. संसारी माणूस आहे, भावा-बहिणीचं कामावर जरा वाजलं, असं म्हणता येईल. रविवारची घाई त्यासाठी आहे.

आणि आता, हे सगळं डाव्या हाताने का खरडलं ते सांगते. गुरुवारी दुपारी तुला त्याचा तो लांब मेसेज आला, ज्यावरून तू मला विचारलंस. तो त्याने कुठे बसून लिहिला हे तुला माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. संस्थेच्या गाडीतून आम्हा दोघांना एकदमच दवाखान्यात नेलं होतं. सर आत डॉक्टरांशी बोलत होते, पैलवान पाणी आणायला गेला होता, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी. माझी बोटं इतकी सुजली होती की हातमोजा निघेना, म्हणून नर्स कात्रीने तो कापत होती आणि मी दुसऱ्या हाताने बाक घट्ट धरला होता. दादा तोंडावर रुमाल धरून, एका अंगठ्याने, खूप वेळ काहीतरी लिहीत होता. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, बघ गं जरा, बरोबर झालंय का? तिला पटेल ना? मी वाचलं. मी आता थांबायला शिकलोय, माझा हात पुन्हा कधी उठणार नाही, टिकलीची शपथ. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, वहिनी, इतकं ते मनापासून लिहिलेलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात मोज्याचं शेवटचं चामडं सुटलं, माझी बोटं उघडी पडली, नर्सने तोंड फिरवलं, आणि त्याने त्या बोटांकडे एकदा बघितलं, अंगठ्याने बटण दाबलं, आणि तुला पाठवलं. येऊ नकोस.

सासरच्या नात्याने नव्हे, मनाने तुझीच,
धाकटी नणंद